कळा साफ करताना

सांगतो, पण मध्ये बोलू नका. टाइपरायटर साफ करणं हे डोकं थंड ठेवून करायचं काम आहे, आणि लोक ते थंड राहू देत नाहीत. आधी रिबीन काढायची, कोरड्या ब्रशानं कळांमधली धूळ बाहेर ओढायची, मग फडक्याला थोडं स्पिरिट लावून अक्षरं पुसायची. स्पिरिट मशीनवर ओतायचं नाही. एवढं साधं! पण माणसं टाचणीनं अक्षरं कोरतात, वर चहा सांडतात आणि मग कोंडीरामला, म्हणजे मला, बोलावतात.

छप्पन साली, मोर्चांवरच्या गोळीबारानंतरच्या आठवड्यात असंच बोलावणं आलं. गिरगावातल्या एका वाडीत मदत केंद्र होतं. तिथं टायपिंग करणारा रामदास गोळी लागून गेला होता, आणि त्याचं मराठी मशीन त्या दिवसापासून अडलेलं. केंद्र चालवणारे शामराव मास्तर दोन याद्या घेऊन बसले होते. एक बेपत्ता माणसांची, एक मेलेल्यांची. बेपत्तांची यादी पाच वाजता इस्पितळांत शोधासाठी जायची होती.

दाराशी लालबागची सुंदराबाई बसलेली. तिचा नवरा दत्ताराम चार दिवस घरी आला नव्हता.

"माझ्या घोवाचा नाव यादीत येवचा रवाक नको ओ," ती म्हणाली.

"मशीन तर बरं होऊ दे, बाई."

मी ब्रश आत घातला आणि एक कळ आपोआप खाली गेली. अक्षराची दांडी माझ्या बोटावर आपटली. मग दुसरी. स्प्रिंग ढिली असेल म्हटलं. तिसरी बसली तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"रामदास, हात काढ रे!"

नेहमीची सवय, दुसरं काय. मी साफ करत असलो तरी त्याला टाइप करायची घाई असायची. कळा लगेच थांबल्या. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

साडेचारला रिबीन चढवली. मास्तरांनी बेपत्तांची यादी सुरू केली. नावं भराभर उमटली. दत्तारामचं आलं आणि कळा घट्ट बसल्या. मी पुन्हा पुसलं. सुट्या दाबल्या की चालत, ते नाव घेतलं की बंद. तीनदा तेच.

"काय कटकट आहे ही!" मी ओरडलो.

मास्तर हळूच म्हणाले, "कोंडीराम... दुसरी यादी लावून बघू..."

त्यांनी मेलेल्यांच्या यादीचा कागद चढवला. दत्तारामचं नाव उमटलं, गावासकट. मास्तरांचे हात अजून कळांच्या वरच होते.

"झाला काय ओ मशीन?" सुंदराबाईनं विचारलं.

पंचवीस वर्षांत मी कधी मशीनपुढं हात टेकले नव्हते. "नाही झालं, बाई," मी म्हणालो. "मास्तर हातानं लिहितील."

मास्तरांनी बेपत्तांच्या यादीत शाईनं नाव घातलं, तिला वाचून दाखवलं. ती हात जोडून निघाली. तिचा चेहरा जरा उजळला होता. मला स्वतःचीच चीड आली.

मी मशीनवर कव्हर घातलं. मेलेल्यांच्या यादीचा कागद आतच राहिला होता. कव्हराखाली ओळ संपल्याची घंटी वाजली आणि संपलं एकदाचं म्हणून मला हायसं वाटलं. मग रोलर आपोआप मागे सरकल्याचा आवाज आला, आणि कळा पुढच्या ओळीवर चालू लागल्या.