टोक खाली

एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायला चार दिवस उरले होते. वर्लिन टँगेन तळघरात उतरला आणि त्याला वाटलं, आता पुरे झालं. अमेरिकेतल्या बिटररूटच्या खोऱ्यात एकेचाळीस वर्षं तो घरचीच काडतुसं भरत आला होता. पण ते काम दोघांचं. तो बंदुकीची दारू तोलून पितळी पुंगळ्यांत ओतायचा. शेजारचा ऑर्विल विजेरी घेऊन एकेकीत डोकावायचा आणि वर गोळी बसवायचा. तयार काडतुसं पेटीत टोक वर करून लागायची. एखाद्याविषयी मनात किंतु आला तर ऑर्विल बोलत नसे. ते टोक खाली करून ठेवी आणि वर्लिनने ते मुकाट्याने खोलायचं, असा शिरस्ता होता.

दुकानच्या काडतुसांवर तर ऑर्विलचा काडीचा विश्वास नव्हता. "ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या हातचं बंदुकीत घालू?" असं तो म्हणायचा.

ऑर्विल फेब्रुवारीत गेला. दोघांनी मिळून भरलेलं शेवटचं काडतूस वर्लिनने दफनाआधी त्याच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवलं, बुडाशी कानशीने खूण करून. जोडीदाराला रिकाम्या हाताने कसं धाडायचं?

शनिवारी त्याची मुलगी सोल्वेग येणार होती, आईची रायफल घेऊन पहिल्यांदाच डोंगरावर जायला. वर्लिनने तिच्यासाठी वीस काडतुसं भरली. कंटाळा हाडांत शिरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतलं एक काडतूस टोक खाली होतं.

आपल्याच हातून झालं असेल, म्हणून त्याने ते खोललं. दारूचं वजन चोख होतं. त्याने ते पुन्हा भरलं.

त्याच्या पुढच्या सकाळी सात उलटी होती. तो ती सरळ करत होता तेवढ्यात सोल्वेगचा फोन आला.

"बाबा, भरलीस ना?"

"भरली."

"आवाज का असा?"

"दमलोय गं. दुसरं काही नाही."

त्या रात्री त्याने तळघराला कुलूप लावलं आणि किल्ली उशाशी ठेवली. सकाळी वीसच्या वीस काडतुसं टोक खाली होती.

आता मात्र त्याने डबा उघडून दारू पांढऱ्या कागदावर पसरली आणि भिंग लावलं. लांबट काळ्या दाण्यांत बारीक, चपट्या कपच्या मिसळल्या होत्या. ती पिस्तुलाची, झपाट्याने पेटणारी दारू होती. दफनाहून परतल्यावर, काहीतरी करायचं म्हणून त्याने कामाचा बाक आवरला होता, आणि उरलेली दारू भलत्याच डब्यात ओतली होती. वजनात ही चूक कधीच सापडली नसती. रायफल पोरीच्या तोंडावर फुटली असती.

तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि रडला.

मग त्याने वीसही काडतुसं खोलून दारू अंगणात दूर नेऊन जाळली आणि गावातून मोहरबंद खोकं आणलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

शनिवारी उजाडताना सोल्वेग स्वयंपाकघरात कॉफी पीत उभी होती.

"दुकानची? ऑर्विलकाका असते तर त्यांनी तुला घरात घेतलं नसतं!"

"तू ने गुमान."

तिने नखाने मोहर फोडली, झाकण उचललं. तिचं हसू थांबलं.

"बाबा, ही अशीच येतात?"

एकोणीस टोकं खाली होती.

एक वर होतं. त्याचं पितळ काळवंडलं होतं.

तिने ते उचलून उजेडात धरलं. बुडाशी कानशीची खूण होती.

"हे तर घरचंच दिसतंय. गार किती आहे! आणि ही ओली माती कुठून लागली याला?"

वर्लिनने खोक्यावरची फुटलेली मोहर बोटाने चाचपली.

"एकच पुरे तसं," ती म्हणाली. अंगठ्याने माती पुसून तिने ते सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवलं आणि वरचं बटण लावलं.