मोकळ्या ओळी

"दादा, तू वटवाघूळ आहेस का?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, तोंडावर विचारून दाखव म्हणून. तिने विचारलं, तेही बिनधास्त, दुपारी तीन वाजता, दादाच्या अंधारकोठडीत उभं राहून. पडदे बंद, दिवा बंद, आणि काळ्या स्क्रीनवर रंगीत अक्षरांच्या मुंग्या.

"पांढऱ्या स्क्रीनने डोळे जळतात," तो वळलासुद्धा नाही. "आणि ए भोंग्या, माझ्या कोडमध्ये एंटर मारून जायचं बंद कर. रोज त्या मोकळ्या ओळी पुसतो, रोज परत येतात."

"मी? तुझ्या त्या कळकट कीबोर्डला मी बोटही लावणार नाही!"

तिचं डोकंच फिरलं. आधी खिडकी उघडी टाकून, शीळ घालत काम करणारा हा माणूस. तीन महिने झाले, शाळेतून आलं की आवाज करू नको, पडदा उघडू नको. आईने दहा हाका मारल्या तरी साहेब ओ देणार नाहीत! पुढच्या महिन्यात तो नोकरीसाठी परगावी जाणार आणि खोली आपली होणार, एवढ्याच आशेवर ती हॉलमधल्या सोफ्यावर दिवस काढत होती. भिंतींना पिवळाधमक रंग द्यायचा, हेही ठरलं होतं. मनातल्या मनात. अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

एकदाचा तो आंघोळीला गेला. तिने फर्रकन पडदा सारला, खुर्चीत बसली, सेटिंग उघडलं.

"घे. जळू देत डोळे."

स्क्रीन पांढराफेक झाला.

मोकळ्या ओळी मोकळ्या नव्हत्या.

काळ्यावर काळी अक्षरं होती, म्हणून दिसत नव्हती. पहिल्या ओळीवर तीन महिन्यांपूर्वीची तारीख.

पडदा लाव.

खाली आणखी एक.

दिवा नको.

मग,

आई हाक मारेल. ओ देऊ नकोस.

आणि अगदी तळाशी, आजची तारीख.

तिला पिवळा रंग नको म्हणावं.

ती खुर्चीतून ताडकन उठली.

"दादा! हे काय लिहिलंयस?"

तो टॉवेलने डोकं पुसत आला, स्क्रीनकडे पाहिलं. "कुठे काय? मोकळ्याच तर आहेत." बोलता बोलता त्याचा हात पडद्याकडे गेला. तो तिकडे बघतही नव्हता. पडदा लागला.

ती धावत हॉलमध्ये आली.

"आई, बाबा, ऐका. ती खोली मला नको."

"अगं, सहा महिने डोकं खाल्लंस की त्या खोलीसाठी!" आई म्हणाली.

"नको म्हणजे नको. आणि दादालाही आजच तिथून बाहेर काढायचं. तो सोफ्यावर, मी खाली. ठरलं!"

"त्याला तरी विचार," बाबा हसले आणि त्यांनीच हाक मारली. मग आईने मारली.

आतून ओ आली नाही.

फक्त एंटरचा आवाज आला. एकदाच.