जावई आणि त्रेपन्न घंटा

जावई रस्त्यात आडवा पडला होता आणि मी स्कूटीवर बसून हॉर्न वाजवत होते.

त्याचं नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. तांबूस रंगाचं, एक कान फाटलेलं कुत्रं, वैशाखऱ्याहून वाडीकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर अगदी मधोमध. दोन्ही बाजूंना भात कापून मोकळी झालेली खाचरं. बाजूने काढावी तर स्कूटी बांधावरून खाली जाणार. मी पुन्हा हॉर्न वाजवला. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला.

"हॉर्नला नाय उठणार तो," बाजूच्या खळ्यातून आवाज आला. "जावई आहे."

"कोणाचा?"

"अख्ख्या गावाचा. पहिला जेवतो, कामाच्या टायमाला झोपतो आणि कोण काय बोललं की रुसून बसतो. मंग दुसरं नाव काय ठेवणार?"

मला हसायचं नव्हतं. मला उशीर झाला होता, आणि उशीर झाला की राग माझ्या नाकावर असतो. पण बोलणारा पेंढ्याच्या ढिगाआडून बाहेर आला. कंपनीचा निळा शर्ट, केसांत पेंढ्याच्या काड्या. त्याने त्या कुत्र्याला दोन्ही हातांनी पोत्यासारखं उचललं आणि बाजूला ठेवलं. जावईबापू तिथेही तसेच झोपून राहिले. मग मला हसू आलंच.

"गुराख्याचं घर कुठलं?" मी विचारलं. "त्यांच्याकडे जुन्या घंटा आहेत म्हणे."

"घर हेच. गुराखी नाय ऱ्हायला. नातू आहे... चालंल का?"

असा मला भगीरथ भेटला.

मी रविना. मूळची वाशिंदची, नोकरीसाठी मुरबाडला मावशीकडे राहणारी. माळशेजच्या रस्त्याला आमच्या शेठचं नवं रिसॉर्ट होत होतं. पगार मला ऑफिसचा मिळायचा आणि कामं सगळी पडायची. त्यातलंच एक म्हणजे गावोगाव फिरून जुन्या वस्तू विकत घेणं. शहरातल्या पाहुण्यांना बघायला जुनं लागतं, फक्त झोपायला नवं लागतं.

भगीरथच्या पडवीत मी पाय ठेवला आणि वर बघतच राहिले. वाशांना घंटाच घंटा टांगलेल्या. पितळी, लोखंडी, काही नुसत्या लाकडाच्या. त्रेपन्न. वारा आला की सगळ्या एकदम नाही, एकेक करून वाजायच्या.

"आमच्या वाडीत मेलेल्या गुराची घंटा दुसऱ्या गुराला नाय बांधत," तो म्हणाला. "घरात बी नाय ठेवत. गुराख्याकडं आणून देतात. माझा आजा गुरं राखायचा. त्यानं सगळ्या जपल्या. ही लहानीकाकीची चांदी. हा कमळूभाऊचा ढवळ्या. आणि ही गुणाबाईची म्हैस, रेश्मा."

"म्हशीचं नाव रेश्मा?"

"तुमी बघितली असती तर दुसरं ठेवलं नसतं."

"विकायच्या का?"

"नाय."

"किंमत तरी ऐका."

"किंमत ऐकली की माणूस विचारात पडतो. नकोच."

त्याची आई, जनाबाई, चहा घेऊन बाहेर आली. "घे गो पोरी. तो पहिल्यांदा सगळ्याला नायच बोलतो. पोलीस भरतीला बी नाय बोलला व्हता, मंग चार येळा गेला."

म्हणून मीही चार वेळा गेले. शेठला सांगायचे, घंटांचं बोलणं चालू आहे. शेठ खूश, मी त्याहून खूश. भगीरथ मुरबाडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होता. त्याची सकाळची शिफ्ट असली की तो दुपारी घरी असतो, हे मी दुसऱ्याच खेपेला लक्षात ठेवलं. तिसऱ्या खेपेला शेठने आकडा वाढवून दिला होता, तो मी सांगायचाच विसरले. चौथ्या खेपेला आम्ही खळ्यात बसून शेंगा सोलल्या आणि घंटांचं नावही निघालं नाही.

जावई नेमका आमच्या दोघांच्या मधे येऊन बसायचा.

"याला काय झालंय?" मी म्हणायचे.

"त्याला कळतंय."

"काय कळतंय?"

भगीरथ शेंगांकडे बघायचा. "काय नाय... चा गार होतोय तुझा."

'तुमी'चं 'तू' कधी झालं ते आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. मला एवढं कळत होतं, की वाटेतलं टोकावडं मागे टाकलं की माझी स्कूटी आपोआप जोरात पळते.

मग एका रविवारी घाटाकडे निघालेली एक गाडी मोठ्या रस्त्यावर जावयाला उडवून गेली. थांबलीसुद्धा नाही.

सोमवारी मी पोचले तेव्हा जावई पडवीत गोणपाटावर पडला होता. कंबरेचं हाड आणि मागचा पाय, दोन्ही मोडलेली. मुरबाडच्या डॉक्टरांनी सुई दिली होती आणि स्पष्ट सांगितलं होतं, कल्याणला नेऊन ऑपरेशन करा, आठवड्याच्या आत. नाहीतर हा मागचं अंग ओढत जगेल, आणि तसं जगणारं कुत्रं फार दिवस काढत नाही. ऑपरेशनचा खर्च पन्नास हजारांच्या वर. भगीरथकडे तेवढे कुठून असणार?

वाडीतले लोक येऊन बघून जात होते. "कुत्र्याच्या पायी एवढा पैसा? येडा झालास का रे? दुसरं पिल्लू आण." ते वाईट नव्हते. जावयाला भाकरी घालणारे तेच होते.

दोन दिवसांनी भगीरथचा फोन आला.

"रविना, तुझ्या शेठला घंटा अजून पायजेत का?"

दोन महिने मी याच वाक्यासाठी फेऱ्या घालत होते. ते ऐकलं आणि मला 'हो' म्हणवेना.

त्याच सकाळी सजावटवाल्यांनी नकाशा पाठवला होता. त्रेपन्न घंटा हॉलच्या छताला एका गोलात टांगायच्या, सगळ्या पांढऱ्या रंगवून. आणि आतल्या लोळ्या काढून टाकायच्या. लोळी म्हणजे घंटेची जीभ. ती हलते म्हणून घंटा वाजते. पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको, असं खाली लिहिलं होतं.

मी शेठशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. रंग रद्द झाला. लोळ्यांच्या बाबतीत मात्र शेठ ऐकेनात. "अगं, वाजल्या तर लोक झोपणार कसे?"

मुरबाडच्या बँकेतून शेठचे साठ हजार काढून मी निघाले आणि टोकावड्याला स्कूटी बाजूला घेऊन उभी राहिले. सांगितलं नाही, तर जावई उद्या कल्याणला. सांगितलं, तर भगीरथ 'नाय' म्हणेल, आणि जावई... गाडीच्या आरशात मी माझं तोंड बघितलं. मला ते आवडलं नाही.

मी सांगितलं. पडवीच्या पायरीवर बसून, सगळं, एका दमात.

भगीरथने वर पाहिलं. वारा नव्हता. एकही घंटा हलत नव्हती.

"हे आधी सांगितलं तर मी देणार नाय, हे तुला माहीत व्हतं ना?"

"हो."

"तरी सांगितलंस."

"खोटं बोलून नेल्या असत्या तर मला परत इथे येता आलं नसतं," मी म्हणाले. "आणि मला यायचंय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी जावयाकडे बघायला लागले. जावयाने आमच्या दोघांकडे बघून जीभ बाहेर काढली, तेवढंच आता त्याला जमत होतं.

"आज्यानं जपलेल्या आहेत गो त्या," भगीरथ म्हणाला. "लोकांनी रडत आणून दिलेल्या. आणि मी त्यांना मुक्या करू?"

जनाबाई इतका वेळ दारात उभी होती. ती खाली येऊन जावयाजवळ बसली आणि त्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवत म्हणाली, "घंटा कशाला बांधतात रे? जनावर हरवू नये म्हणूनच ना? हे जनावर हरवायला लागलंय, आणि तू घंटा राखत बसलायस."

भगीरथ उठला, आत गेला आणि पक्कड घेऊन आला.

"काढायच्याच तर मी काढीन. तिथला कोणतरी तोडून टाकंल, ते नको."

एकेक घंटा तो खाली काढायचा, कानाजवळ नेऊन एकदाच वाजवायचा, नाव सांगायचा आणि मग लोळी काढायचा. मी घंटा हातात घेऊन पेंढ्यात गुंडाळायचे. चांदी. ढवळ्या. मोराण. पवळ्या. मधेच तो हसला, "ही रेश्मा. हिनं मला ओढ्यात पाडलेला, दुसरीत असताना." आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. माझे तर केव्हाच वाहत होते. आपण कोणाच्या प्रेमात पडलोय हे माणसाला एरवी हळूहळू कळत असेल. मला ते रेश्मा म्हशीच्या घंटेपाशी कळलं, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता तेव्हा.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मागे जावई, पुढे आम्ही. ऑपरेशन झालं. चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले.

पण जावई उठेना.

दहा दिवस तो दवाखान्यातच होता. भगीरथ शिफ्ट संपवून रोज मुरबाडहून कल्याणला यायचा, मी सुट्टी मिळेल तशी यायचे. हाड जुळत होतं, पण आता पाय टेकला नाही तर तो तसाच आखडून जाईल, सगळं वाया जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. बिस्किटं झाली, मटण झालं, रागावून झालं. जावई रुसला तो रुसलाच.

त्या रविवारी आम्ही त्याला दवाखान्याच्या मागच्या अंगणात आणून ठेवलं. कोवळं ऊन होतं. बाकावर स्वेटर घातलेली कुत्री घेऊन माणसं बसली होती. भगीरथ पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला आणि कानापर्यंत लाल झाला.

"काय झालं?"

"एक सुचलंय... पण लोकं हसतील."

"लोक तसेही तुझ्याकडेच बघतायत. केसांत बघ काय आहे."

खरं तर केसांत काहीच नव्हतं. त्याने तरी हात फिरवला. मग त्याने डोळे मिटले, ओठ गोल केले आणि तोंडाने घंटा वाजवायला लागला.

"टुणुक्-खळ... टुणुक्-खळ..."

बाकावरची माणसं वळली. जावयाचा फाटका कान उभा राहिला. पिल्लू असताना तो आज्याबरोबर गुरांच्या मागे मागे हिंडला असणार, हे मला त्या कानाकडे बघून समजलं. पण तो उठला नाही. नुसता कावराबावरा होऊन इकडेतिकडे बघायला लागला.

"एकटी घंटा म्हंजे चुकलेलं जनावर," भगीरथ म्हणाला. "त्याला वाटतंय कोणतरी हरवलंय. दोन तरी पायजेत. रविना..."

"मी? छे! मला नाही येत."

"तुला त्रेपन्नच्या त्रेपन्न ऐकवल्यात मी."

मी वाशिंदची शिकलेली मुलगी, रिसॉर्टच्या ऑफिसात बसणारी. मी त्याच्या शेजारी भिंतीपाशी उभी राहिले आणि तोंडाने म्हणाले, "ढ्यांग... ढ्यांग..."

"अगो, म्हैस झालीस! जरा बारीक. गाय हो, गाय."

"टिंग्-खळ..." मी म्हणाले. "टिंग्-खळ..."

"टुणुक्-खळ... टुणुक्-खळ..."

एक पुढे, एक मागे, अशा दोन गाई कल्याणच्या त्या अंगणातून संध्याकाळी घरी निघाल्यासारख्या. आणि जावई उठला. थरथरत, कण्हत, आधी पुढचे पाय, मग मागचा चांगला, आणि मग तो मोडलेला पाय त्याने जमिनीला लावला. एक पाऊल. दुसरं.

मला इतका आनंद झाला की मला राहवलंच नाही. मी घंटा सोडून दिली आणि म्हणून टाकलं, "भगीरथ, मला तू आवडतोस. फार."

त्याचे डोळे एवढे मोठे झाले. ओठ गोलच राहिले, आवाज बंद. जावई जागीच थांबला.

"थांबू नकोस!" मी ओरडले. "तो येतोय!"

भगीरथने पुन्हा सुरू केलं. "टुणुक्-खळ, टुणुक्-खळ..." मीही धरलं. पण आता त्याची गाय चालत नव्हती, धावत होती. तोंडाने घंटा वाजवत तो माझ्याकडे बघून मान हलवत होता – हो, हो, हो – आणि वाजवताना हसू येऊन त्याचा ताल पार बिघडत होता. जावई तरी चालत राहिला. अंगणाची सगळी लांबी चालून तो आमच्यापर्यंत आला आणि आमच्या दोघांच्या बरोबर मधे बसला.

भगीरथला धाप लागली होती.

"परत बोल," तो म्हणाला.

"काय?"

"मघाशी बोललीस ते. तवा माझं तोंड मोकळं नव्हतं."

"आणि आता आहे?"

"आता आहे," तो म्हणाला. मग बोलायचं सोडून त्याने जावयाच्या डोक्यावरून हात पुढे केला आणि माझा हात धरला. तो हात त्याने परतीच्या गाडीत बसेपर्यंत सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.