घासोबाची घट्ट पकड

यंत्राच्या बैठकीवर असेपर्यंत सपाट आणि हातात घेतली की वाकडी! अशी प्लेट तुम्ही कधी पाहिली आहे का? घासोबाने सकाळपासून टोपलीभर पाहिल्या होत्या आणि बिचारा रडकुंडीला आला होता.

घासोबा हा शिरोलीच्या एका कारखान्यातला यंत्रमानव. त्याचं काम ग्राइंडिंगचं (फिरत्या खरखरीत चाकाने धातू घासून सपाट करण्याचं). पद्मजाचा तो जिवलग. शाळा सुटली की ती तडक इथे यायची, कारण तिची सुनंदा आत्या इथली मुख्य इंजिनिअर होती. चंद्रावरच्या वसाहतीत पाण्याचा पंप बसणार होता. त्याच्या पातळ पोलादी प्लेट्स इथे घासल्या जात. त्यांत चार-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बाकसुद्धा चालणार नव्हता.

"उद्या माझी स्मृती पुसणार आहेत," घासोबा म्हणाला. "मग पद्मजा कोण, हे मला आठवणार नाही."

पद्मजा शेजारी उभ्या आत्याकडे वळली. "आत्या, असं का गं?"

"त्याच्यातच बिघाड आहे म्हणतात मालक. खरी चूक सापडली तर मी थांबवीन की! पण मलाच सापडेनाशी झालीय."

"घासोबा, एकदा करून दाखव," पद्मजा म्हणाली.

घासोबाने प्लेट चकवर (चुंबकी बैठकीवर) ठेवून चुंबक सुरू केला. प्लेट खटकन चिकटली. चाक फिरलं, पाण्याचा फवारा उडाला. नंतर उंची मोजणारा मापक सगळ्या प्लेटवरून फिरवला, तर त्याचा काटा जागचा हलला नाही. चुंबक बंद करून प्लेट उचलली आणि तिच्यावर सरळ कडेची पोलादी पट्टी टेकवली. मधून उजेडाची रेघ दिसलीच!

"चुंबक किती जोरात लावतोस?" पद्मजाने विचारलं.

"पूर्ण. पहिली प्लेट बिघडली आणि मी घाबरलो. दर वेळी जोर वाढवत गेलो."

पद्मजा विचार करत दप्तरातल्या फूटपट्टीशी चाळा करत होती. उन्हात राहून ती पट्टी वाकली होती. तळहाताने दाबली की सपाट व्हायची, हात काढला की टुणकन वर!

"आत्या! प्लेट आधीच थोडी वाकडी असते का?"

"असते की. भट्टीतून येताना जराशी वाकतेच."

"मग चुंबक तिला माझ्या हातासारखा दाबून धरतो. दाबलेली असतानाच ती सपाट घासली जाते. सोडली की परत वाकते!"

"अगं बाई! आणि आम्ही या गरिबाच्या डोक्यात बिघाड शोधतोय!" आत्याने कपाळाला हात लावला. "घासोबा, प्लेटखालच्या फटीत पत्र्याचे बारीक तुकडे सरकव, म्हणजे ती खाली ओढली जाणार नाही. चुंबक हलका ठेव आणि थोडं थोडंच घास. एक बाजू सपाट झाली की उलटून तीच बाजू खाली ठेव."

"हलका? निसटली तर?"

"कडेला ठोकळे लाव. ते अडवतील."

घासोबाने भीत भीत चुंबक कमी केला. एक बाजू झाली, दुसरी झाली. प्लेट उचलून पुन्हा ती सरळ पट्टी लावली. या वेळी उजेडाला आत शिरायला जागाच नव्हती.

आत्याने लगेच मालकांना फोन लावला. "स्मृती पुसायची नाही. दोष त्याच्यात नव्हता, पकडीत होता. आणि चंद्रावर कळवा, पाणी वेळेवर येईल!"

पद्मजाने धावत जाऊन घासोबाला कवटाळलं, अगदी जीव खाऊन.

"पद्मजा," घासोबा हळूच म्हणाला, "जरा हलकं धर. मी कुठेही जात नाही."