फळ्यावरच्या शेळ्या

“गंगव्वा, उद्यापासून तू कामावर यायचं नाही!”

सोसायटीचे अध्यक्ष मल्हारराव तळमजल्यावरच्या फळ्यासमोर कडाडले. तीन दिवस त्या फळ्यावर कुणीतरी कन्नड अक्षरांत काहीबाही लिहून जात होतं. मल्हाररावांना ती अक्षरं येत नव्हती. कन्नड शेजाऱ्यांनी वाचून पाहिलं, पण एक शब्द कळेल तर शपथ! “मंत्रतंत्र असेल,” कुणीतरी म्हणालं. फळ्यापाशी रोज सकाळी झाडताना दिसायची ती गंगव्वा. झालं!

“अण्णा, मी नाही लिहिलं हो! नोकरी गेली तर मी खाऊ काय?”

शेजारी नुसते बघत राहिले.

दसऱ्याच्या सुट्टीत पुण्याहून बंगळुरूच्या जे. पी. नगरला मावशीकडे आलेल्या संहिताने मावसभावाला ढोसलं. “प्रणीत, तुला शाळेत कन्नड आहे ना? वाच की!”

“वाचता येतंय गं, पण कळत नाही. हे कन्नड नाहीच!”

“मोठ्याने वाच, शहाण्या!”

“शे...ळ्यां...नी ए...की...च्या...”

“अरे, हे तर मराठी!” दोघंही एकदम ओरडले.

मग प्रणीतने भराभर वाचलं. ‘शेळ्यांनी एकीच्या गळ्यात घंटा बांधली. घंटा वाजेल तिकडे सगळ्या जात. एकदा ती खडकाळ माळावर गेली. सगळ्या मागोमाग गेल्या आणि उपाशी राहिल्या.’

“हा टोमणा मलाच आहे!” मल्हारराव लालबुंद झाले. “नऊ वर्षं अध्यक्ष आहे मी!”

“पण मराठी बोलून कन्नड अक्षरांत लिहितं कोण?” संहिता गोंधळली.

प्रणीतने टाळी वाजवली. “तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नाआजी! त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या इथलं, घरी मराठी, पण शाळा कन्नड. काल त्यांनी मला वाण्याची यादी दिली ना, ती अशीच होती!”

दोघं धावत जाऊन रत्नाबाईंना घेऊन आले.

“मीच लिहिलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आई गेल्या महिन्यात गेली. तिच्या गोष्टी विसरायला लागले होते. घरात ऐकायला कुणी नाही. म्हटलं, इथे कुणीतरी वाचेल. यात तुमचं नाव कुठे आलं, मल्हारराव?”

मल्हाररावांनी कान पकडले. “चुकलो. गंगव्वा, उद्या ये. आणि पोरांनो, शाब्बास! आम्हा मोठ्यांना जे जमलं नाही ते तुम्ही केलंत.”

“पण आजी, चूक कुणाची? पुढच्या शेळीची की मागच्यांची?” संहिताने विचारलं.

“कोण जाणे! आईला विचारायचं राहूनच गेलं गं.”

मल्हारराव वळले. “गंगव्वा, तुला काय वाटतं?”

गंगव्वाने डोळे पुसले. शेजाऱ्यांकडे एकदा पाहिलं.

“अण्णा, इथे गवत नाही, एवढं एकीने तरी म्हणायचं होतं.”