ब्रेकवरचा पाय

गाडीचं बॉनेट उघडायला मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शिकलो. त्याआधी चौदा वर्षं गाडी माझ्याच दारात उभी होती, पण तिच्या पोटात काय आहे याच्याशी माझं देणंघेणं नव्हतं. मी भूमापन खात्यातला माणूस. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं सेंटिमीटरपर्यंत मोजून दिली, आणि स्वतःच्या गाडीत ऑइल किती आहे ते एकदाही बघितलं नाही.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावस रस्त्याला लागलं की वर सड्यावर आमचं घर. शेजारचं घर मुंबईकरांचं, गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारं. एरवी आजूबाजूला आंब्याची कलमं आणि कातळ. माझी बायको नम्रता गेली त्याला दीड वर्ष झालं. मुलगी सानिका ठाण्याला असते. मी इथे एकट्याने राहू नये असं तिचं म्हणणं, आणि मला इथून हलायचं नव्हतं. शेवटी तिने अट घातली. दिवाळीआधी ती येऊन बघणार. मी जेवतोय, औषधं घेतोय, वेळ पडली तर स्वतः गाडी काढून रत्नागिरीत डॉक्टर गाठू शकतोय, असं तिला पटलं तर राहायचं. नाहीतर तिच्याबरोबर ठाण्याला जायचं, ते कायमचं.

म्हणून मी दर रविवारी मिरजोळ्याला धाकूच्या गॅरेजात जाऊ लागलो. धाकू पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने मला ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून कशी बघायची ते दाखवलं. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी पूड गरम पाण्याने धुवायला शिकवलं, एअर फिल्टर झटकायला, स्टेपनी चढवायला. पहिल्याच दिवशी मी ऑइलच्या जागी कूलंटचं झाकण उघडलं तेव्हा तो नुसता हसला. हात काळे करून घरी यायचं आणि ते घासत अर्धा तास मोरीत बसायचं, यात रविवार बरा जायचा. बाकीच्या सहा दिवसांचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नव्हतं.

ऑक्टोबरात माझ्या ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. धाकू म्हणाला, नळीत हवा धरली आहे, ती काढायला हवी. दुसऱ्या एका गाडीवर त्याने ते काम करून दाखवलं. त्याची बायको सखू त्याचा डबा घेऊन आली होती, तिलाच त्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागच्या चाकापाशी आडवा झाला.

"दाब," तो खालून म्हणाला. सखूने पेडल तीनदा मारलं आणि चौथ्यांदा दाबून ठेवलं.

"धरला," ती म्हणाली.

धाकूने पान्याने चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल केलं. त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुड्यांसकट ब्रेक ऑइल बाटलीत उतरलं. त्याने निपल आवळलं आणि म्हणाला, "सोड." सखूने पाय उचलला. पुन्हा दाब, पुन्हा धरला, पुन्हा सोड. दोघं एकमेकांना दिसत नव्हती, आणि त्याची त्यांना काही गरजही दिसली नाही.

"सोड बोलल्याबिगर पाय उचलायचा नाय," धाकू मला म्हणाला. "उचललाव तर हवा परत आत. केलेला काम फुकट. ह्याला दोन माणसा लागतात, सायेब. एकट्यान हात घालू नका. शुक्रवारपर्यंत थांबा, मी येतंय."

मी थांबलो नाही. सानिका शनिवारी यायची होती, आणि तिला मला सांगायचं होतं की हे मी केलं, एकट्याने.

मंगळवारी सकाळी नाश्ता करून मी घरालगतच्या गाडीच्या शेडमध्ये कामाला लागलो. मागचं डावं चाक जॅकवर घेतलं. सीट आणि पेडल यांच्यामध्ये बांबूची काठी ताणून बसवली, ही माझी अक्कल. फरशीवर आडवा झालो तोच काठी सटकून आत पडल्याचा आवाज आला. उठायचा कंटाळा आला होता, कंबर धरली होती. धाकूची नक्कल करावी तसा मी नुसताच म्हणालो, "दाब."

गाडी किंचित खाली बसली, आत कुणी बसलं की बसते तेवढी. मग पेडलचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथा आला आणि थांबला.

मी निपल सैल केलं. बुडबुडे आले, त्यामागून काळपट ऑइल आलं. निपल आवळलं. मग म्हणालो, "सोड." पेडल वर आल्याचा आवाज झाला.

मी उठून आत पाहिलं. सीट रिकामी होती आणि काठी पायापाशी पडली होती. जॅक तपासला, उतार तपासला, पेडलची स्प्रिंग हाताने दाबून पाहिली. माझं आयुष्य कारणं शोधण्यात गेलं आहे, त्या सकाळी एकही सापडलं नाही. मग मी पुन्हा आडवा झालो. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा निघाली आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं.

मला भीती वाटायला हवी होती. मला इतकं बरं वाटलं की दुपारी मी दोन माणसांचा भात लावला.

घर बांधताना प्लॉट मोजायला मी नम्रताला फितीचं टोक धरायला उभं केलं होतं. मध्येच कंत्राटदार आला, त्याच्याशी बोलण्यात मी विसरलो. पाऊण तासाने परत आलो तेव्हा ती भर उन्हात टोक धरून तशीच उभी होती. म्हणाली, तुम्ही सोड म्हणाला नाहीत. हे आठवल्यावर सीटवर कोण आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. एक गोष्ट मात्र होती. सीट माझ्या मापाला मागे सरकवलेली होती आणि तिथून नम्रताचे पाय पेडलपर्यंत कधीच पोचले नसते. ते मला तेव्हाही माहीत होतं. मी ते अंतर मोजायला गेलो नाही.

बुधवारी हवा काढण्याची काहीच गरज नव्हती. तरी मी सकाळी आणि संध्याकाळी चाकापाशी आडवा झालो. दाब. सोड. नवीन ऑइल ओतत होतो, तेच स्वच्छ ऑइल बाटलीत उतरत होतं. मध्ये मध्ये मी तिला सांगत होतो, सानिकाचं, गुडघ्याचं, कुठल्या कलमाला पालवी आली त्याचं. "धरला" असं उत्तर मात्र कधी आलं नाही. नुसतं पेडल.

गुरुवारी मी "दाब" म्हणालो, पेडल धरलं गेलं, आणि घरात फोन वाजला. सानिकाचा होता. शनिवारी नऊपर्यंत पोचते म्हणाली, मग इकडचं तिकडचं बोलत राहिली. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर गाडीचे मागचे लाल दिवे जळत होते. पेडल खाली होतं आणि हाताने उचललं तरी वर येत नव्हतं.

तोंड उघडून एक शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही. सोड म्हटलं की ती मोकळी होईल, आणि मोकळी झालेली माणसं जातात. म्हटलंच नाही तर इथेच राहील. मी शेडचं दार लोटून घेतलं.

शुक्रवारी दुपारी बॅटरी उतरून दिवे विझले. तेव्हाच धाकू कबूल केल्याप्रमाणे आला. जॅक काढून त्याने गाडी ढकलली, मग आम्ही दोघांनी ढकलली. चाकं जागची हलली नाहीत.

"कोनीतरी पाय देऊन बसल्यासारखा हाय," तो म्हणाला. मग त्याने बाटली पाहिली, फरशीवरचा पाना पाहिला. "कोना संगती केलाव हा काम?"

मी बाटली उचलून भिंतीकडे ठेवली.

"सायेब, सोड बोललाव काय?"

"नाही."

धाकूने नळावर हात धुतले. "वयनींना असा धरून ठेवू नका," एवढंच म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

शनिवारी सकाळी सातला सानिकाचा फोन आला, चिपळूण सोडलं म्हणून. शेडमध्ये न हलणारी गाडी बघून ती काय म्हणेल ते मला दिसत होतं. राहायचं तर सोडायला हवं होतं. मी शेडमध्ये गेलो. शब्द नीट उच्चारला.

"सोड."

पेडल सावकाश वर आलं आणि गाडी किंचित उचलली गेली.

मी रडलो. मग नाक पुसलं, गाडीचं दार उघडून सीटवर बसलो. ब्रेक ठीक आहे का बघायला पेडलवर पाय ठेवला.

मागच्या डाव्या चाकापाशी पाना फरशीवर घासला.

"दाब," कुणीतरी म्हणालं.

आवाज माझा होता.

मी दाबला. तीनदा, आणि धरला. का दाबला, तर एवढंच सांगता येतं की दीड वर्षात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी धरायला सांगितलं होतं. "धरला" म्हणायला गेलो, तोंडातून आवाज निघाला नाही.

पेडल पायाखाली खोल गेलं. निपल आवळल्याचं मला पायात कळलं. आता तो सोड म्हणेल म्हणून मी थांबलो.

नऊच्या सुमारास फाटकाशी गाडी वाजली. "बाबा!" सानिकाने हाक मारली.

"आलो गं," मागून उत्तर गेलं. चपला वाजत गेल्या. आरशात मला पाठ दिसली, माझ्याच अंगावरचा निळ्या चौकड्यांचा शर्ट.

"हात बघा कसे काळे केलेत," सानिका हसत म्हणाली. "तब्येत मात्र छान दिसतेय. मग काय, राहायचंय इथेच?"

"नको गं," तो म्हणाला. "इथे एकट्याने काय करायचं?"

दुपारी त्यांनी घराला कुलूप लावलं.

दिवाळीनंतर धाकू गाडी न्यायला आला. सानिकाने सांगितलं असणार. त्याने किल्लीने गाडीचं दार उघडलं नाही. आधी मागून ढकलून पाहिलं, मग पुढे येऊन काचेशी वाकला. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. मी पेडल धरून त्याच्याकडे बघत राहिलो.

त्याने हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "वयनी, आता सोडा."

थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मग मागे जाऊन पुन्हा ढकललं.