दोन नंबरच्या टाकीपाशी

मेहसाण्याजवळच्या डेअरीत कृपाली नवीनच लागली होती. प्रयोगशाळेसाठी नमुना घ्यायला तिनं दोन नंबरच्या टाकीचा कॉक फिरवला, आणि दुधाची चिळकांडी थेट तोंडावर!

"दुधानं न्हायचं भाग्य लागतं हं..." मागून कुणीतरी हसलं. हातात ब्रश, खांद्यावर वाफेची नळी. टाक्यांचे कॉक खोलून, घासून, वाफ देऊन परत बसवायचं काम त्याचं.

खिशावरचं नाव वाचत ती फणकारली, "हसता काय, केवलभाई? नीट बसवा ना!"

"बसवतो. पण ते 'भाई' तेवढं काढून टाका..."

ती लाजली. मग रोज दहा वाजता गेटबाहेरच्या लारीवर, चहाच्या हातगाडीवर, दोघांचा चहा ठरूनच गेला. अर्धी बशी तिची, अर्धी त्याची.

उन्हाळा तापला आणि राणपुरा गावाचं दूध नापास होऊ लागलं. दोन नंबरच्या टाकीत तेवढंच उतरायचं. गावाचं दूध बंद करायचं ठरलं, तशा बायका गेटवर आल्या.

"आमच्या म्हशींनी काय पाप केलं, बेन?" म्हाताऱ्या गोमतीबांनी कृपालीचा हात धरला.

तिनं टाकीऐवजी थेट गावाच्या कॅनमधूनच नमुना घेतला. दूध चोख होतं! तिनं टाकीचा कॉक खोलला. आतल्या रबरी रिंगेला चीर गेलेली, मागे पिवळट, आंबूस थर.

केवल शेजारी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"तू खोलत नव्हतास?"

"हल्ली... नुसती वरून वाफ मारायचो."

"का पण?"

"पूर्ण खोललं की उशीर व्हायचा. लारीवर पोचेपर्यंत तू गेलेली असायचीस..."

तिचे डोळे भरून आले. प्रेमाची कबुली अशी ऐकायची होती?

"मला साहेबांना सांगावं लागेल, केवल."

"तू नको. तुझ्या तोंडून ऐकवणार नाही मला." तो स्वतःच साहेबांच्या खोलीत शिरला.

राणपुऱ्याचं दूध सुरू झालं. केवलची नोकरी गेली. गांधीधामला मामाकडे जायचं ठरलं. ती बसथांब्यावर आली.

"परत येशील?"

"डेअरीत कोण घेणार आता?"

"डेअरीचं कुठं विचारतेय मी..."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून तो बसमध्ये चढला. बस त्याला घेऊन गेली.

तेवढ्यात गोमतीबा समोरून लगबगीनं आल्या. "जुग जुग जग, बेन! आमची चूल वाचवलीस. ज्या मेल्यानं आमचं दूध गटारात ओतायला लावलं, त्याचं..."

"नका, बा! शाप नका देऊ!"

म्हातारी चपापली. धूळ उडवत गेलेल्या बसकडे बघून तिनं हळूच विचारलं, "कोण होता गं तो?"

"माझा होता, बा," कृपाली म्हणाली, आणि तिथंच रस्त्यावर रडू लागली.